वाटेचं भाडं

केनियाला जायचं तर आधी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. ती चिखलीत मिळत नाही, बुलडाण्यातही नाही. सरकारने नेमून दिलेल्या मोजक्या केंद्रांवरच मिळते. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यायची आणि मिळालेलं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत जपायचं. परतताना मुंबईच्या विमानतळावर तेच मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. साठी उलटलेल्यांना ही लस देताना डॉक्टर दोनदा विचार करतात. माझी साखर, रक्तदाब, गोळ्यांची यादी सगळं पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, वाघच बघायचा तर ताडोबा काय वाईट?"

केनियात वाघ नसतो हे त्यांना सांगितलं. "मग एवढ्या लांब कशाला?" हा पुढचा प्रश्न. लस टोचून होईपर्यंत मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही.

*

मसाई मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. आफ्रिका म्हणजे ऊन, अशा हिशेबाने आमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी सुती कपडे भरले होते. ऑगस्टमधल्या पहाटे, छत वर उचललेल्या गाडीत उभं राहिल्यावर सगळ्यांचे दात वाजू लागले. चालकाने सीटखालून मसाई लोकांची ती लाल चौकड्यांची शाल काढून दिली. तिला शुका म्हणतात. पुढे सगळ्या फोटोंत आम्ही त्याच शालीत आहोत. गावाकडे लोकांना वाटलं, तिकडे पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतात.

*

तिथे एवढे प्राणी दिसतात त्याचं निम्मं श्रेय गवताला द्यायला हवं. माराचं राखीव क्षेत्र साधारण 1,510 चौरस किलोमीटर, आणि त्याला लागून दक्षिणेला टांझानियाचं सेरेंगेटी, जवळजवळ 14,763. मधे कुंपण नाही. नजर पोचेल तिथवर गवत आणि अधूनमधून एखादी बाभळीच्या जातीची छत्री. दडायला जागाच नाही. आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात साग, अंजन, सालई, पळस, खाली घाणेरीचं रान. दहा हातांवर अस्वल असलं तरी दिसायचं नाही. बोथ्याच्या घाटातून आयुष्यभर एसटीने खामगावला गेलेली माणसं "आपल्या जंगलात काहीच नाही" असं म्हणतात. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे मारातल्या मोकळ्या गवतातच मला नीट कळलं.

गवत खाण्याचीही तिथे पाळी ठरलेली. झेब्रा पुढे जातो आणि उंच, राठ शेंडे खातो. मागून वाइल्डबीस्ट येतात, त्यांना मधलं पान हवं असतं. शेवटी थॉमसन गॅझेल नावाची लहानशी हरणं तळातले कोवळे कोंब वेचतात. भांडण नाही, कारण तिघांना तीन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत.

*

माझे धाकटे दीर अमडापूरकडे वावर करतात. परतल्यावर त्यांना मोबाइलवर वाइल्डबीस्टचे फोटो दाखवले. हजारो जनावरं, सगळं पठार काळं झालेलं. भाऊजींनी बोटाने फोटो मोठा करून पाहिला. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात.

"वहिनी, हे तं रोह्याच व्हय."

"रोही नाही हो. वेगळी जात आहे."

"जात कोनतीबी असो. इतके पैसे लावून रोह्या पाहाले गेल्ते तुमी? रातच्याले वावरात या, फुकट दाखोतो."

*

नदी ओलांडणं. वर्षभर पावसामागे, म्हणजे कोवळ्या गवतामागे, बारा-तेरा लाख वाइल्डबीस्ट सेरेंगेटी आणि मारातून फिरतात. सोबत दोनेक लाख झेब्रे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये त्यांना मारा नदी आडवी येते. टीव्हीवर हे दोन मिनिटांत उरकतं. प्रत्यक्षात सगळा वेळ थांबण्यात जातो. कळप काठावर येतो, पुढचे पाण्याला नाक लावतात, मागचे ढकलतात, मग कोण जाणे कशाने बिचकून सगळेच मागे पळतात. पुन्हा धूळ, पुन्हा काठ. ऊन चढतं. गाड्यांत बिस्किटांचे पुडे निघतात.

मग एकाने उडी मारली आणि त्यानंतर थांबवणारं कोणी उरलं नाही. दरडीवरून मातीचे लोट, पाण्यात शिंगंच शिंगं, आणि घशातल्या घशात निघणारा तो सततचा हुंकार. वास मात्र कुठलाच कॅमेरा दाखवत नाही. वरच्या वळणाला आधी बुडालेली जनावरं फुगून अडकली होती आणि त्यांच्यावर टकले मॅराबू करकोचे उभे होते. मगरींनी काय नेलं ते मला दिसलं नाही. एक वासरू पार होऊन वर चढलं, भिरभिरलं, आई दिसेना म्हणून वळलं आणि परत त्याच पाण्यात उतरलं. अलीकडच्या काठावर ते पोचलेलं मी पाहिलं. आई तिथे होती की नाही, ते धुळीत दिसेनासं झालं.

नियम असा की एका प्राण्याभोवती पाचहून जास्त गाड्या नकोत. नदीकाठी तेव्हा गाड्यांची जत्रा होती. त्यातली एक आमची.

*

किरकोळ:

केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, दंडही जबर. आदल्या रात्री सगळा चिवडा, शेव, तिळाची चटणी कॅरीबॅगमधून काढून डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरली. जुन्या साड्यांच्या पिशव्या कामी आल्या.

उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. पिठल्याशिवाय खाणं जड गेलं. चपाती मात्र तिकडेही चपातीच, थोडी तेलकट.

गाडीतून उतरायला बंदी. बायकांची अडचण चालकाला सांगावी लागत नाही, तो स्वतःच विचारतो, "टायर तपासायचे का?" मग मोकळी जागा पाहून, चहूबाजूंना नजर टाकून, गाडी आडवी लावतो.

*

सिंह गाडीकडे बघतसुद्धा नाही. त्याला ती खाण्याची वस्तूही वाटत नाही आणि शत्रूही. आपलं अस्वल माणसाचा वास आला तरी बिथरतं, कारण आपण त्याच्या रानात मोहफुलं वेचायला, लाकडं आणायला, गुरं शोधायला पायी जातो. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली. त्यानंतर सिंहांच्या कितीतरी पिढ्या कॅमेऱ्यांसमोर वाढल्या. गाडीतल्या माणसाची त्यांना सवय आहे, पायी चालणाऱ्याची नाही. गुरं राखणाऱ्या मसाई पोराला ते चांगलं ओळखतात.

*

रेल्वेची गोष्ट लिहिल्याशिवाय चिखलीकराला राहवत नाही. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची युगांडा रेल्वेचं काम 1896 मध्ये सुरू झालं आणि 1901 मध्ये ती सरोवराला भिडली. त्यासाठी हिंदुस्थानातून जवळपास बत्तीस हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबचे. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. 1898 मध्ये त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी नऊ महिने मजुरांच्या तंबूंतून माणसं ओढून नेली. शेवटी पॅटरसन या अभियंत्याने दोघांना मारलं. त्यांची कातडी 1924 मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतली. पेंढा भरून ते सिंह अजून तिथे उभे आहेत. पॅटरसनच्या पुस्तकाने त्याचं नाव राहिलं. ओढून नेलेल्या मजुरांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

नैरोबी शहर त्याच रेल्वेच्या मालतळातून 1899 मध्ये उभं राहिलं. सिंह, दलदल आणि दुष्काळ आडवे असताना पाच-सहा वर्षांत रूळ पडले. आमच्या खामगावला कापसासाठी 1870 मध्ये गाडी आली. तिथून चिखलीवरून जालन्याला जोडण्याची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची, मधे तर सिंहसुद्धा नाहीत. चिखलीकर अजून बसस्थानकावरच उभा आहे.

*

नैरोबीच्या जुन्या फोटोंत एक गृहस्थ झेब्र्यावर बसलेले दिसतात. ते डॉ. रोझेंडो आयरीस रिबेरो, मूळचे गोव्याचे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ते तिथे दवाखाना चालवत. रुग्णांच्या घरी जायला त्यांनी झेब्रा माणसाळवला होता. 1902 मध्ये नैरोबीत प्लेग आल्याचं त्यांनीच ओळखलं. त्यावर सरकारने हिंदी बाजार जाळून टाकला. झेब्रा सहसा माणसाच्या ताब्यात येत नाही, म्हणून तर घोड्यासारखा त्याचा वंश आपण पाळला नाही. गोवेकर डॉक्टरांना तो कसा वश झाला याचं मला प्लेगच्या निदानाहून जास्त कौतुक वाटतं.

*

चित्ता पाहिला. वारुळावर उभा राहून त्याने बराच वेळ पाहणी केली, मग गॅझेलमागे सुटला. धाव इतकी थोडी की मान वळवेपर्यंत संपली. हरीण पाडलं, आणि खायला सुरुवात करायच्या ऐवजी तो तिथेच बसून राहिला. बरगड्या लोहाराच्या भात्यागत खालीवर होत होत्या. अर्धा तास तरी त्याला असा दम लागतो. त्याचा दम ओसरायच्या आत एक तरस खाली मान घालून, वाकड्या चालीने आलं आणि शिकार घेऊन गेलं. चित्ता दोन पावलं मागे सरकला, बस. लंगडा चित्ता उपाशी मरतो, म्हणून तो भांडत नाही.

या प्राण्याशी महाराष्ट्राची जुनी ओळख आहे. कोल्हापूर संस्थानात माणसाळलेले चित्ते काळविटांवर सोडत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरच्या संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून विकत आणवले. दिव्यभानुसिंह यांनी त्या खरेदीचा इतिहास लिहून ठेवला आहे. म्हणजे सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाचे आठ चित्ते कुनोला उतरले, ते काही समुद्र ओलांडून आलेले पहिले नव्हेत. आधीचे शिकारीसाठी आले, हे नांदण्यासाठी.

*

उरलेल्या सांगाड्यावर गिधाडं उतरली. आमच्या गटातल्या एका कॉलेजातल्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा गिधाड पाहिलं. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरून यायचं. गुरांना दुखण्यावर देत ते डायक्लोफेनॅक पोटात गेल्याने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे कळायला 2004 उजाडलं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून शंभरातली नव्व्याण्णव गेली होती. माराची गिधाडंही सुखात नाहीत. गाय मारली म्हणून चिडलेला गुराखी सिंहासाठी मेल्या गुरावर विष टाकतो. सिंह येवो न येवो, गिधाडं आधी येतात.

*

नाकुरू सरोवर फ्लेमिंगोंनी गुलाबी असतं, असं आम्ही शाळेत शिकवलं. 2010 नंतरच्या दशकात पाणी चढलं, खारेपणा उतरला, त्यावर वाढणारं शेवाळ घटलं आणि बरेचसे पक्षी बोगोरिया सरोवराकडे गेले. आम्हाला काठावर बुडालेली, वाळलेली झाडं दिसली, आणि लांब एक फिकट गुलाबी रेघ.

गुलाबी पाणी पाहायचं तर आमचं लोणार आहे. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं, जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर. पाणी नाकुरूसारखंच क्षारयुक्त. जून 2020 मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं तेव्हा गावोगाव कोप, चमत्कार, काय काय बोललं गेलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं: पाणी आटून खारेपणा वाढला, आणि तशा पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. तिकडे पाणी वाढलं म्हणून गुलाबी गेला, इकडे आटलं म्हणून आला.

*

आता भाड्याची गोष्ट, जी कुठल्याही सहलीच्या पत्रकात नसते.

माराच्या राखीव क्षेत्राबाहेरची जमीन मसाई लोकांची. पूर्वी ती सामाईक होती, मग तुकडे पडून माणसागणिक मालकी झाली. तुकडा हातात आला की माणूस कुंपण घालतो, हे तिथेही घडलं. लोइटाच्या पठारावर तारा पडल्या आणि तिकडून माराकडे येणाऱ्या वाइल्डबीस्टची वाट तुटत गेली. दुसरीकडे शेजारशेजारच्या मालकांनी एकत्र येऊन जमीन पर्यटन तळांना भाड्याने दिली. ओल किन्येई 2005 मध्ये, नाबोइशो 2010 मध्ये, अशी एकेक क्षेत्रं झाली. अट अशी की कुंपण घालायचं नाही, नांगरायचं नाही, गुरं चारायची ती ठरल्या जागी, ठरल्या वेळी. बदल्यात प्रत्येक मालकाला जमिनीच्या मापाने दरमहा भाडं. मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा तिथे 2007 पासूनची. भाडं थेट फोनवर येतं. सिंह दिसो न दिसो, आपल्या जमिनीवरून जाऊ दिलं याचे पैसे.

सगळं गोड आहे असं नाही. कोरोनात पर्यटक थांबले आणि भाड्यात कपात सोसावी लागली. दुष्काळात समोर गवत असून गुरं घालता येत नाहीत, तेव्हा करार टोचतो. तरीही हिशेब उघड आहे: वाट कुणाची, किंमत किती, देतो कोण.

*

आमच्याकडूनही एक वाट गेली. तिचा हिशेब कुणी मांडला नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरणा वाघ. कागदोपत्री टी-1-सी-1, पुढे लोकांनी ठेवलेलं नाव वॉकर. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. पावसाळ्याच्या तोंडाला तो स्वतःसाठी जागा शोधायला निघाला. तेलंगणात जाऊन आला. शेतं, नाले, रस्ते, वस्त्या ओलांडत विदर्भ-मराठवाड्यातून फिरला आणि डिसेंबर 2019 मध्ये आमच्या ज्ञानगंगेत पोचला. अवघं 205 चौरस किलोमीटरचं अभयारण्य; तिथे तो बरेच दिवस राहिला. सगळं चालणं जोडलं तर तीन हजार किलोमीटरच्या पुढे जातं. भारतात कुठल्याही वाघाची एवढी लांब चाल नोंदलेली नाही. वाटेत त्याने रानडुकरं आणि गुरं मारली. माणसाच्या बाबतीत नोंद एकाच प्रसंगाची: तो झुडपात पडला असताना काही जण आत शिरले, त्यातल्या एकाला किरकोळ जखमा झाल्या.

ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. इथे एखादी आणून सोडावी का, यावर चर्चा झाली. 2020 मध्ये त्याची कॉलर काढली. मार्च 2021 मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेतच, पश्चिमेला, गौताळा अभयारण्यात वाघाचा फोटो मिळाला. पट्टे जुळवून पाहिले, तोच निघाला. त्या भागात कित्येक दशकांनी वाघ आला होता.

कॉलरच्या नोंदींत हजारो ठिकाणं आहेत. त्यातली कितीतरी कुणा ना कुणाच्या तुरीत, कपाशीत, उसात. दिवसभर तो पिकात झोपला असेल आणि शंभर पावलांवर कुणी निंदत असेल. मारात सिंह माणसासमोर बिनघोर पडून राहतो. इकडे वाघ माणसाला टाळून त्याच्याच वावरातून जातो. पहिलं पाहायला मी विमानाने गेले. दुसरं जास्त अवघड आहे, आणि ते पाहायला तिकीट नाही.

*

नैरोबीचं राष्ट्रीय उद्यान शहराला खेटून आहे; गवतात जिराफ, मागे इमारती. त्याच्या दक्षिणेला राहणारा रिचर्ड टुरेरे हा मसाई मुलगा. घरची गुरं राखण्याचं काम त्याच्याकडे. सिंहाने त्यांचा बैल मारला. त्याने आधी आग करून पाहिली, मग बुजगावणं. सिंह दुसऱ्या रात्री बुजगावण्याला भीत नाही. एका रात्री बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरताना त्याच्या लक्षात आलं की हलत्या उजेडाला सिंह बिचकतो. मग जुनी मोटारीची बॅटरी, सौर पट्टी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि मोडक्या बॅटऱ्यांतले दिवे जोडून त्याने आळीपाळीने लुकलुकणारी माळ केली. वय अकराच्या आसपास. 2013 मध्ये टेडच्या मंचावर त्याने हे जगाला सांगितलं.

असल्या युक्त्यांना आमच्याकडेही कंपनी लागत नाही. भाऊजींच्या वावराभोवती जुन्या साड्या बांधलेल्या आहेत. वाऱ्याने फडफडतात म्हणून रानडुकरं बुजतात, काही दिवस. झटका मशीन आहे. रेकॉर्ड केलेला कुत्र्याचा आवाज भोंग्यावर लावून पाहिला. हरभरा घाट्यांवर आला की थंडीत रात्रभर माळ्यावर जागल. सकाळी डोळे लाल, आणि तरी दोन तास्या सपाट.

*

नैरोबी–मोंबासा नवी रेल्वे 2017 मध्ये सुरू झाली. ती त्सावोच्या जंगलातून भराव घालून नेली आहे आणि खालून हत्तींना जायला बोगदे ठेवले आहेत. कॉलर घातलेले हत्ती त्यातून ये-जा करतात हे नोंदलं गेलं आहे. आमच्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्यावरही वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि वरून जाणारे पूल आहेत. म्हणजे रस्ता बांधताना वाटेची किंमत धरता येते. अंदाजपत्रकात तसा रकाना असतो. वावरासाठी तो नाही.

*

भाऊजींना भाड्याचं सगळं सांगितलं. ते रोही विसरले आणि खाट पुढे ओढून बसले.

"दर महिन्याले? फोनवर?"

"हो."

"अन् पीक खाल्लं तं वेगळं?"

ते वेगळंच राहायला हवं, असं माझं मत. नुकसान झालं की अर्ज, पंचनामा, सातबारा, फोटो, मग मंजुरी. तोवर पुढचा हंगाम येतो. आणि पंचनामा खाल्लेल्या पिकाचा होतो. ज्याने कुंपणाला वीज सोडली नाही, फासा लावला नाही, विष टाकलं नाही आणि जनावर जाऊ दिलं, त्याच्या नावे काहीच लिहिलं जात नाही. टिपेश्वर ते ज्ञानगंगा, ज्ञानगंगा ते गौताळा या वाटांवरच्या वावरांना वर्षाला थोडं का होईना, ठरलेलं भाडं द्यावं. कुंपणात वीज नको, ही अट घालावी. पैसे सफारीच्या तिकिटावर अधिभार लावून काढावेत. माझ्यासारखे जे विमानाने सिंह पाहायला जातात, त्यांना तो जड नाही.

गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज मीच लिहून देत आले आहे. "बसा, तुमचाही लिहिते," म्हटलं. प्रति लिहिलं, विषय लिहिला: रोही व रानडुकरांच्या वावराबाबत.

भाऊजींनी कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"वहिनी, विषयात वाघ लिवा. रोह्याच्या नावानं फाइल हालत नाही."